यादीत नसलेला आजार आणि सोलापूरचे हात

कामगारांच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा आग, स्फोट, कोसळलेला स्लॅब अशा डोळ्यांना दिसणाऱ्या दुर्घटनांभोवती फिरते. ते साहजिकही आहे. मात्र ज्या इजेत रक्त सांडत नाही, जी एका दिवसात होत नाही आणि जिची पोलिसांत नोंद होत नाही, ती इजा चर्चेतून निसटते. यंत्राच्या हादऱ्यांमुळे हातांच्या नसा आणि रक्तवाहिन्या कायमच्या निकामी होणे ही त्याच प्रकारची इजा. केंद्र सरकारने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. कारखाने अधिनियम, बांधकाम कामगार अधिनियम यांसारखे जुने कायदे या संहितेत विलीन झाले. या पार्श्वभूमीवर सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहराने या दुर्लक्षित प्रश्नाकडे नव्याने पाहण्याची गरज आहे.

सोलापूर हे हातांच्या कामावर उभे राहिलेले शहर आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘जुन्या मिल’ची, स्थापना १८७७ मधली. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी चादर, टॉवेल, यंत्रमाग, तयार कपडे आणि घरोघरी विड्या वळणाऱ्या हजारो महिला यांनी शहराचे श्रमिक रूप टिकवून ठेवले. गेल्या दोन दशकांत या श्रमात एका नव्या कामाची भर पडली. रस्ते फोडणे, जलवाहिन्या टाकणे, जुन्या इमारती पाडून नव्या उभारणे, लोखंडी गज व फरशी कापणे, ओतकामाच्या वस्तू घासून गुळगुळीत करणे ही ती कामे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली आणि त्यानंतर शहरातील रस्त्यांवर ब्रेकरचा धडधडाट नित्याचा झाला. जिल्ह्याच्या ग्रामीण भागात विहिरींचा काळा पाषाण फोडण्यासाठी ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर आणि जॅकहॅमर वापरला जातो, त्यालाही बरीच वर्षे झाली. पूर्वी सुतकी, पहार आणि छिन्नी यांनी होणारे काम यंत्राने होऊ लागले. कामाचा वेग वाढला आणि पाठीवरचा भारही काही अंशी हलका झाला. पण यंत्राचा हादरा थेट हातात उतरू लागला, याची दखल कोणी घेतली नाही.

हादरा हातात कसा उतरतो

ब्रेकर, जॅकहॅमर, ग्राइंडर, कटर, काँक्रीट बसविण्याचा व्हायब्रेटर ही सारी यंत्रे हातात घट्ट धरूनच चालवावी लागतात. यंत्र सेकंदाला दहापासून शेकडो वेळा हलते आणि प्रत्येक हालचाल तळहातातून बोटांच्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत, मज्जातंतूंत आणि मनगट-कोपराच्या सांध्यांत पोहोचते. पकड जितकी घट्ट, तितका हादरा अधिक मुरतो. धारहीन छिन्नी किंवा झिजलेली, तोल गेलेली चकती असेल तर कामगाराला अधिक जोर लावावा लागतो आणि कामही लांबते. म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी वाढते.

आजाराची सुरुवात अगदी साधी असते. काम थांबविल्यानंतर काही काळ बोटांत मुंग्या येतात आणि नंतर त्या जातात. कामगार त्याकडे दुर्लक्ष करतो. काही महिन्यांनी वा वर्षांनी मुंग्या जाईनाशा होतात, बोटांची टोके बधिर होतात आणि रात्री हात दुखून झोपमोड होते. त्यानंतर पकड सैल पडते. शर्टाची बटणे लावणे, नाणे उचलणे, खिळा धरणे अशी बारीक कामे जमेनाशी होतात. थंडीत बोटे पांढरीफटक पडतात आणि पुन्हा रक्त उतरताना तीव्र वेदना होतात. मज्जातंतूंची हानी एकदा पुढच्या पायरीवर गेली की ती सहसा भरून येत नाही, हे या आजाराचे सर्वांत गंभीर वैशिष्ट्य आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही. हाती आहे तो केवळ प्रतिबंध.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. यंत्रमागाच्या शेडमध्येही जमीन हादरते आणि आवाजाने कान बधिर होतात. पण मागावरचा कामगार हादरणारे यंत्र तासन्‌तास मुठीत धरून उभा नसतो. विड्या वळणाऱ्या महिलांची बोटे आणि मनगटे दुखतात ती एकाच हालचालीच्या हजारो आवर्तनांमुळे. दोन्ही दुखणी खरी आहेत, मात्र त्यांची कारणे आणि उपाय वेगळे आहेत. सर्वांना एकाच ‘हातदुखी’च्या गाठोड्यात बांधले तर कोणालाच न्याय मिळत नाही.

उन्हाने लपविलेले लक्षण

जगाला हा आजार ‘पांढरी बोटे’ या नावाने परिचित झाला. इटलीत १९११ मध्ये लोरिगा यांनी हवेच्या दाबावरील हत्यारे वापरणाऱ्या कामगारांमध्ये त्याची नोंद केली. अमेरिकेत १९१८ मध्ये डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी इंडियाना राज्यातील चुनखडीच्या खाणींत दगड घडविणाऱ्यांची तपासणी करून तो पुढे आणला. हे देश थंड हवेचे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे बोटे पांढरी पडणे हे तेथे पहिले आणि ठळक लक्षण ठरले.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या पुढे सरकतो. अशा हवेत बोटे पांढरी पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मलेशियातील बांधकाम कामगारांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेमके हेच दिसले. पांढऱ्या बोटांची तक्रार तेथे आढळली नाही. मुंग्या, बधिरपणा आणि स्नायू-सांध्यांचे दुखणे मात्र आढळले. याचा अर्थ उष्ण प्रदेशात हा आजार नाही असा नव्हे. तो तेथे आपले ओळखपत्र दाखवत नाही, इतकेच. रक्तवाहिन्यांऐवजी मज्जातंतूंची हानी पुढे येते आणि ती सहज दुसऱ्या नावाखाली खपून जाते. डॉक्टरांपुढे बधिर बोटे घेऊन आलेल्या चाळिशीच्या कामगाराला मधुमेह, मानेचा मणका, जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणे सांगितली जातात. ही कारणे असूही शकतात; पण ‘तुम्ही कोणते यंत्र चालवता आणि दिवसातून किती वेळ चालवता’ हा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर खरे कारण कागदावर येण्याची शक्यता नाही.

भारतीय कामगारांना हा आजार होत नाही, असे म्हणण्यासही आधार नाही. भारतातील खाणींत ड्रिल चालविणाऱ्या कामगारांच्या हातांवर कंपनांचा होणारा परिणाम तपासणारा अभ्यास १९९६ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. अडचण पुराव्याच्या अभावाची कमी आणि पुरावा गोळा करणारी व्यवस्था नसण्याची अधिक आहे.

आवाजाला मर्यादा, हादऱ्याला नाही

व्यवस्था का नाही, याचे उत्तर कायद्यात सापडते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत २९ आजारांची यादी होती. शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हे सारे त्या यादीत होते. यादीतील आजार आढळला की व्यवस्थापनाने आणि डॉक्टरांनी तो सरकारी यंत्रणेला कळविणे बंधनकारक असते. कंपनांमुळे होणाऱ्या हाताच्या आजाराचे नाव या यादीत नव्हते. नव्या संहितेने तीच यादी जवळपास जशीच्या तशी पुढे आणली आणि त्यातही हा आजार नाही.

बांधकाम क्षेत्रातील तरतूद तर अधिक बोलकी आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत, अतिरेकी आवाज आणि कंपने यांच्या हानिकारक परिणामांपासून कामगारांचे संरक्षण करण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे मालकावर बंधन घालण्यात आले. त्याच नियमात पुढे आवाजासाठी अनुसूचीचा हवाला देऊन निश्चित मर्यादा ठरविली गेली. कंपनांसाठी मात्र कोणताही आकडा दिला गेला नाही. ‘पुरेशी उपाययोजना’ म्हणजे किती, हे ज्याने त्याने ठरवायचे! आकडा नसला की निरीक्षकाला मोजता येत नाही, ठेकेदाराला दोषी धरता येत नाही आणि कामगाराला तक्रार सिद्ध करता येत नाही. कायद्यात शब्द आहे, पण त्याला दात नाहीत.

यादीत नाव नसण्याचा परिणाम साखळीसारखा होतो. नाव नाही म्हणून डॉक्टर कळवीत नाहीत. कळविले जात नाही म्हणून सरकारदरबारी रुग्णसंख्या शून्य राहते. रुग्ण शून्य असल्याने प्रश्नच नाही असे मानले जाते आणि प्रश्न नाही म्हणून यादीत नाव घालण्याची निकड कोणाला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कंपनजन्य विकारांचा स्पष्ट उल्लेख आहे. हवेचे प्रदूषण, आवाज आणि कंपने यांच्यापासून संरक्षण देणारा या संघटनेचा करार तर १९७७ मधला आहे. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही.

इतरांनी किती उशिरा जाग आणली

या बाबतीत पाश्चात्त्य देशांनी फार तत्परता दाखविली असे नव्हे. ब्रिटनमध्ये ‘पांढऱ्या बोटां’ना भरपाईपात्र व्यावसायिक आजार मानावे काय, याचा विचार १९५४ मध्ये झाला आणि मान्यता मिळाली १९८५ मध्ये. या तीन दशकांची किंमत पुढे सरकारी तिजोरीने मोजली. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ब्रिटिश कोल या सरकारी कोळसा महामंडळाविरुद्ध खाणकामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर उभारलेल्या भरपाई योजनेत दीड लाखाहून अधिक दावे दाखल झाले आणि एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम वाटावी लागली. आरंभीच यंत्रे बदलणे यापेक्षा कितीतरी स्वस्त पडले असते.

जपानचा धडा अधिक उपयोगी आहे. साठच्या दशकात तेथील सरकारी जंगलांत साखळी करवत चालविणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर उघड झाला. कामगार संघटनांच्या दबावामुळे करवत चालविण्यावर दिवसाला दोन तासांची मर्यादा घालण्यात आली आणि हादरा कमी करणाऱ्या करवती वापरात आल्या. नव्या रुग्णांची संख्या त्यानंतर घटली. यंत्र सुधारणे आणि वेळ कमी करणे हे दोनच उपाय होते आणि ते पुरेसे ठरले.

युरोपीय महासंघाने २००२ मध्ये काढलेल्या निर्देशात ठोस आकडे आले. आठ तासांच्या दिवसाच्या सरासरीने हातावरील कंपन सेकंदवर्गाला २.५ मीटरवर गेले की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ मीटर ही मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडायची नाही, असे त्यात ठरले. हा हिशेब रस्त्यावर उतरवून पाहिला तर त्याचा अर्थ कळतो. एखाद्या ब्रेकरचे कंपन १५ मीटर असेल तर अवघ्या १३ मिनिटांत पहिली पातळी गाठली जाते आणि ५३ मिनिटांत दिवसाची मर्यादा संपते. कंपन १० मीटर असेल तर दोन तास मिळतात. ६ मीटरच्या ग्राइंडरवर साडेपाच तास काम करता येते. कंपन दुप्पट झाले की सुरक्षित वेळ निम्मी नव्हे, तर चौथाई होते, हे यातील सूत्र आहे. ही वेळ केवळ यंत्र प्रत्यक्ष चालू असतानाची धरायची. डबा खाण्याची किंवा राडारोडा उचलण्याची वेळ त्यात येत नाही. तरीही दिवसभर आलटून-पालटून ब्रेकर चालविणारा कामगार दुपारच्या आतच ही मर्यादा पार करतो, हे उघड आहे.

हातमोजे हा उपाय नव्हे

सुरक्षेचा विषय आला की ठेकेदार हातमोजे, हेल्मेट आणि बूट दाखवतो. हातमोजे कापण्या-खरचटण्यापासून वाचवितात, हात गरम ठेवतात, हे खरे. पण ब्रेकरसारख्या यंत्राचा संथ गतीचा जोरकस हादरा कापडी किंवा रबरी मोज्याने अडत नाही. ‘कंपनरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांवरही विसंबून राहू नये, अशी ब्रिटनच्या सुरक्षा यंत्रणेची भूमिका आहे. जाड मोज्यात यंत्र धरण्यासाठी मूठ अधिक आवळावी लागते आणि त्यामुळे उलट हादरा जास्त मुरू शकतो. मोजे वाटून जबाबदारी संपली असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

खरे उपाय मोज्यांच्या कितीतरी आधी सुरू होतात. शक्य तेथे हाताने ब्रेकर चालवूच नये. रस्त्याचा मोठा पट्टा फोडायचा असेल तर जेसीबीला जोडलेला ब्रेकर वापरावा. जेथे हाताशिवाय पर्याय नाही तेथे कमी कंपनाचे यंत्र निवडावे, छिन्नीला वेळेवर धार लावावी, झिजलेली चकती बदलावी. एका यंत्रावर किमान दोघे-तिघे आळीपाळीने असावेत. ओतकामाच्या शेडमध्ये साचा नीट बसला तर वस्तूवर घासण्यासारखे कमी उरते. म्हणजे ग्राइंडरचे काम मुळातच घटते. कामगाराने स्वतः काय करावे, हेही सांगण्यासारखे आहे. यंत्र आवश्यक तेवढेच घट्ट धरावे, मुंग्या टिकू लागल्या तर लपवू नये आणि विश्रांतीच्या वेळी विडी-सिगारेट टाळावी. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हादऱ्याने आधीच दुखावलेल्या बोटांचा रक्तपुरवठा आणखी घटतो. विडीच्या शहरात हा सल्ला पचनी पडणे अवघड असले तरी तो द्यायलाच हवा.

पण सारे कामगाराच्या शहाणपणावर सोपविणे अन्यायाचे होईल. नाक्यावर उभा राहणारा मजूर ‘माझे हात बधिर होतात’ असे मुकादमाला सांगेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा येतो. काम मीटरवर किंवा ब्रासवर मोजून दिले की यंत्र थांबविणे म्हणजे स्वतःची हजेरी कापून घेणे. ज्याला विश्रांती परवडत नाही, त्याला विश्रांतीचा सल्ला देणे म्हणजे थट्टाच ठरते. प्रश्न वैद्यकीय वाटला तरी त्याचे मूळ ठेक्याच्या पद्धतीत आहे, ते असे.

सोलापुरात काय शक्य आहे

या प्रश्नात दिल्लीच्या निर्णयाची वाट न पाहताही बरेच काही करता येण्यासारखे आहे. नामांकित कंपन्यांच्या ब्रेकर आणि ग्राइंडरच्या खोक्यात जी पुस्तिका असते, तीत बहुतेक वेळा त्या यंत्राच्या कंपनाचा आकडा छापलेला असतो. कारण युरोपात विक्रीसाठी तो देणे आवश्यक असते. म्हणजे मोजमापाचे महागडे उपकरण नसले तरी प्राथमिक हिशेब कोणत्याही अभियंत्याला पाच मिनिटांत मांडता येतो. प्रत्यक्ष कामावरील कंपन छापील आकड्यापेक्षा जास्त असू शकते, हे धरून थोडी अधिक सावधगिरी बाळगली की झाले.

महापालिका आणि सार्वजनिक बांधकाम खाते ही शहरातील खोदकामाची सर्वांत मोठी गिऱ्हाइके आहेत. त्यांनी निविदेत तीन अटी घातल्या तरी चित्र बदलू शकते. यंत्राच्या कंपनाचा आकडा ठेकेदाराने जाहीर करावा. प्रत्येक यंत्रामागे किमान दोन प्रशिक्षित चालक असावेत. आणि कोणी किती वेळ यंत्र चालविले याची साधी नोंदवही ठेवावी. रस्त्याच्या दर्जासाठी जाडी आणि सिमेंटचे प्रमाण ठरविणाऱ्या निविदेला हे अशक्य नाही. खर्च काहीसा वाढेल, तो अंदाजपत्रकात धरावा. रस्ता स्वस्तात पडला, पण त्याची उरलेली किंमत एखाद्या मजुराने आपल्या बोटांनी चुकती केली, हा व्यवहार शहराला शोभणारा नाही.

आरोग्य व्यवस्थेचीही जबाबदारी आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोलापुरात १९६३ पासून आहे. त्याच्या रुग्णालयात आणि कामगार विमा योजनेच्या दवाखान्यांत हात बधिर झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या केसपेपरवर व्यवसाय आणि यंत्र यांची नोंद झाली, तर वर्षभरात निदान प्रश्नाचा आकार दिसू लागेल. संहिता लागू करताना ४० वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची ग्वाही केंद्राने दिली आहे. त्या तपासणीत रक्तदाब आणि साखरेबरोबर बोटांची संवेदना व पकडीची ताकद तपासण्यास फारसा वेळ लागत नाही. तथापि हा आजार चाळिशीची वाट पाहत नाही. विशीत ब्रेकर हाती घेतलेल्या तरुणासाठी तपासणी कामाच्या पहिल्या वर्षापासूनच हवी.

यातून एक मोठा वर्ग निसटण्याचा धोका मात्र राहतोच. नव्या संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० करण्यात आली आहे. अक्कलकोट रस्ता आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतींच्या बाहेर, गल्लीबोळांत चालणारी फॅब्रिकेशनची दुकाने, दोन-चार मजुरांच्या ठेकेदारी टोळ्या, विहीर फोडणारे ट्रॅक्टरवाले यांच्यापर्यंत कोणताही निरीक्षक पोहोचत नाही. त्यांच्यासाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ, हत्यारे विकणारे दुकानदार आणि कामगार संघटना हीच खरी माध्यमे आहेत. घरकुलांसाठी दीर्घ लढा देऊन हजारो विडी कामगारांना कुंभारी परिसरात हक्काचे छप्पर मिळवून देणाऱ्या शहरातील संघटनांना हा विषय हाती घेणे अवघड नाही. वेतन आणि घर यांच्या मागण्यांच्या रांगेत हाताच्या आरोग्याची मागणी आजवर आली नाही, इतकेच.

निर्णायक पाऊल अर्थातच सरकारने उचलायचे आहे. अनुसूचीतील यादी अधिसूचना काढून वाढविता येते; त्यासाठी नवा कायदा लागत नाही. संहितेखालील मानके ठरविताना आवाजाप्रमाणे कंपनांनाही आकड्यातील मर्यादा देणे हे दुसरे काम. बिसिनोसिस हा गिरणी कामगारांचा आजारही एकेकाळी ‘साधा दमा’ म्हणून दुर्लक्षिला जात होता. तो यादीत आला तोवर कापसाची धूळ छातीत घेणाऱ्या कितीतरी कामगारांचे आयुष्य सरले होते. सोलापूरने तो इतिहास आपल्या गिरणगावात पाहिला आहे. ब्रेकर आणि ग्राइंडर धरणाऱ्या पिढीची बोटे अद्याप पूर्ण बधिर झालेली नाहीत, तोवर तरी यादीतील ही रिकामी जागा भरली गेली पाहिजे.